भावना अनावर होतात तेव्हा

आज थेरपीचं सत्र होतं. भावना अनावर होणं म्हणजे स्वभाव वाईट असणं नव्हे, हे आज कुणीतरी नीट उलगडून सांगितलं. काही जणांच्या भावना पटकन उसळतात, फार तीव्र असतात आणि ओसरायलाही जास्त वेळ घेतात. ऐकताना रडूच आलं मला. इतकी वर्षं फक्त ‘किती मनाला लावून घेतेस’ हेच ऐकत आलेय!

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी विकसित केलेल्या डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) या मानसोपचारपद्धतीत भावना दाबायला नाही, तर त्या ओळखायला आणि पेलायला शिकवतात. थेरपिस्ट निवडताना ‘डीबीटीचं प्रशिक्षण घेतलंय का?’ असं सरळ विचारा, त्यात संकोच कसला? औषधं हवीत का, ते मात्र मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांनाच ठरवू द्या. माझी पुढची भेट ठरली आहे.