रेडिओ चांगला होता, बिघाड खांबावर होता

२०१९ चा मे महिना. नाशिकरोडला बिटकोजवळ माझं रिपेरिंगचं छोटं दुकान आहे, हल्ली येतात ते मिक्सर, होम थिएटर, एलईडी टीव्ही, पण जेलरोडचे एक काका अजून रेडिओ घेऊन यायचे. प्रेसमधून रिटायर झालेले, जुना फिलिप्स, त्यावर मिडियम वेव्हच्या ५५८ ला आकाशवाणी मुंबईची अस्मिता वाहिनी, बाकी काही नको. तक्रार एकच, घरघर येते. आणि दुकानात लावला की एकदम स्वच्छ! पहिल्या वेळी व्हॉल्यूम कंट्रोल साफ करून दिला, दुसऱ्या वेळी फिल्टरचे दोन कंडेन्सर बदलले आणि २५० रुपये घेतले, तिसऱ्या वेळी काकांनी रेडिओ पिशवीतून काढलाच नाही. म्हणाले, "आता तूच चल घरी."

रविवारी गेलो. घरघर कसली, तापल्या तेलात मोहरी टाकल्यासारखी चरचर आणि तिच्याखाली भुंग्याचा एकसारखा सूर, निवेदिका मधूनच एखादा शब्द बोलायची. काकूंचा संशय सेट टॉप बॉक्सवर, काकांचा शेजाऱ्याच्या नव्या एलईडी बल्बांवर (त्यावरून दोन घरांत बोलणंही झालेलं). मी मेन स्विच पाडला, माझा खिशातला सेलवरचा ट्रान्झिस्टर लावला. चरचर तशीच. शेजाऱ्यांनाही दोन मिनिटं मेन पाडायला लावला, तरी तशीच. म्हणजे भानगड रस्त्यावरची.

होतं काय, खांबावरचा एखादा जोड ढिला पडला किंवा इन्सुलेटरची (तार खांबाला टेकू न देणारा चिनी मातीचा तुकडा) पिन गंजून हलायला लागली की दोन लोखंडांमध्ये केसाएवढी फट राहते आणि त्या फटीत बारीक ठिणगी उडत राहते. आपली लाईन सेकंदाला ५० सायकलची, प्रत्येक सायकलला दोनदा ठिणगी पेटते, म्हणून सेकंदाला १०० वेळा तो झटका, तोच भुंगा. आणि वरची तार म्हणजे आयतीच एरियल, लांबपर्यंत कचरा पसरवते. एफएमला यातलं फारसं काही जाणवत नाही, म्हणून गल्लीत दुसऱ्या कोणाची तक्रारच नव्हती, मिडियम वेव्ह ऐकणारे उरलेत किती.

मग ट्रान्झिस्टर घेऊन गल्लीत फिरलो. आतली फेराइटची कांडी, म्हणजे रेडिओचं आतलं एरियल, आवाज येतो त्या दिशेला टोक करून धरली की चरचर मरते, आडवी धरली की वाढते, त्यामुळे रेडिओ हातात गोल फिरवत चाललेला माणूस बघून एका आजींनी विचारलं, जमिनीखालचं पाणी शोधताय का! पण मिडियम वेव्हवर फसलोच, कारण आवाज तारेबरोबर पळतो, एका खांबापाशी जोरात, पुढच्यापाशी कमी, त्याच्या पुढे परत जोरात. मग शॉर्टवेव्हच्या वरच्या टोकाला काटा नेला. फ्रिक्वेन्सी वाढवली की तो लांब पोचत नाही, त्यामुळे बाकीचे खांब गप्प झाले आणि पिठाच्या गिरणीसमोरच्या डीपीशेजारचा एकच खांब बोलत राहिला. गिरणीवाला म्हणाला, दांडकं हाणून बघू का खांबाला, हलला की कळेल. त्याला हात जोडले, वर ११ केव्ही, अकरा हजार व्होल्ट आहे बाबा.

लाईट ऑफिसात सांगितलं तर साहेब हसले, काकांना म्हणावं मोबाईलवर ऐका. घरी आलो तर मंगळवारी वळीव पडला आणि काकांचा फोन, "अरे बंद झालं!" दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन तापल्यावर परत सुरू. माझी खात्रीच पटली, फट ओली झाली की ठिणगी थांबते, सुकली की पुन्हा चालू. या वेळी अर्जात रेडिओचं नावच काढलं नाही, लिहिलं 'डीपीशेजारच्या खांबावर स्पार्किंग'. शनिवारी लाईट बंद करून वायरमन वर चढला.

खाली आला तो हातात चिनी मातीचा तपकिरी पिन इन्सुलेटर घेऊन. पिन आत गंजून खिळखिळी, हलवली की खडखड वाजायची, खोबणीत काजळीची रेघ, आणि कडेला इतकी बारीक चीर की डोळ्याला दिसली नाही, नख फिरवल्यावर अडकली. वायरमन म्हणाला, हा फुटला असता तर आख्खी गल्ली रात्रभर अंधारात. तो इन्सुलेटर मी मागून घेतला, दुकानात बिलांवर वजन म्हणून ठेवलाय.

संध्याकाळी काका आले, खुशीत. इन्सुलेटर उलटासुलटा करून बघितला, मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "मग ते कंडेन्सर?"

"काका, जुने झाले होते ते."

"जुना तर मी पण आहे. खराब होते का?"

गल्ला उघडला.