मेलेला माणूस कवितेत बोलतो तेव्हा

मरणावरच्या कवितांचा विषय निघाला की गाडी लगेच रूपकांवर येते. झोप, प्रवास, विझलेला दिवा, पैलतीर वगैरे. ही रूपकं इतकी वापरून गुळगुळीत झालीयेत की श्रद्धांजलीच्या मेसेजमध्ये कॉपी-पेस्ट होतात, कुणाला काही टोचत नाही. मला वाटतं खरा खेळ वेगळाच असतो, म्हणजे बोलणारा नेमका कुठे उभा राहून बोलतोय.

अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनची ती घोडागाडीची कविता घ्या. मृत्यू सभ्य गृहस्थासारखा गाडी घेऊन येतो, अजिबात घाई नाही, शाळेतली मुलं, शेतं, मावळता सूर्य सगळं मागे पडत जातं. इथपर्यंत रूपक छान, पण छानच. मग ती म्हणते आम्ही सूर्याला ओलांडून गेलो, आणि लगेच स्वतःलाच दुरुस्त करते, छे, तोच आम्हाला ओलांडून गेला! एवढ्याशा ओळीत सगळं फिरतं, म्हणजे पुढे चाललंय ते जग, आणि ही बाई थांबलीये, अंगावर पातळ झगा, थंडी वाजतेय. डिकिन्सन 1886 मध्ये गेली, कविता छापली गेली 1890 मध्ये, आणि संपादकांनी काय केलं तर गाडीवरून शीर्षक दिलं (तिने दिलंच नव्हतं) आणि नेमकं हेच कडवं गाळलं. रूपक ठेवलं, नजर कापली. 1955 च्या आवृत्तीत ते कडवं परत आलं म्हणून बरं.

भा. रा. तांबे 'नववधू प्रिया मी बावरते' मध्ये मरणाला नवरा करतात, ते गोड आहेच. पण मला त्यांचीच 'जन पळभर म्हणतिल हाय हाय' जास्त लागते. सोयरे डोळे पुसतील, कामाला लागतील, उठतील, बसतील, खिदळतील. रूपक जवळपास नाहीच, नुसती क्रियापदं, आणि माणूस आपल्या पश्चातचं घर बघतोय, कुणाचं काही अडत नाहीये हे बघतोय.

तुकोबा तर त्याच्याही पुढे. 'आपुलें मरण पाहिलें म्यां डोळां', आणि वर त्याचा सोहळा! पुढे जन्ममरणाचं सुतक फिटलं म्हणतात. आता सुतक असतं मागे राहिलेल्यांना, इथे गेलेला पण हेच आणि मागे राहिलेले पण हेच, मग सुतक धरायचं कुणी? हे कोडं एकदा डोक्यात शिरलं की जाम निघत नाही.

सुरेश भटांचा सरणावरचा शेर सगळ्यांना पाठ असतो, मरणाने सुटका केली, जगण्याने छळलं होतं. मला तो थोडा टाळीबाज वाटतो, खरं सांगायचं तर. पण तो चालतो तो सरणामुळेच, हेच कुणी खुर्चीत बसून म्हणालं असतं तर आपण म्हटलं असतं, झालं याचं रडगाणं सुरू.