टोकियोत घर घेताना फ्लॅट कमी, बिल्डिंग जास्त बघा

इथे भारतीय मंडळी जमली की हल्ली एक प्रश्न ठरलेला, "तुम्ही घर घेतलंत म्हणे, फॉरेनरला देतात का?" देतात की. जपानमध्ये परदेशी माणूस फ्लॅटच काय, जमीनसुद्धा स्वतःच्या नावावर घेऊ शकतो, त्यासाठी अमुक व्हिसाच पाहिजे असं काही नाही. आणि घर घेतलं म्हणून व्हिसा मिळतो असंही नाही, तेही डोक्यातून काढून टाका.

घोडं पेंड खातं ते लोनपाशी. बहुतेक बँकांना पर्मनंट रेसिडेन्सी (पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी) लागते. नेहमीच्या वाटेने ती मिळायला साधारण १० वर्षं राहावं लागतं, पण 'हायली स्किल्ड' परदेशी लोकांसाठी सरकारची जी पॉइंट पद्धत आहे, तिचे ७० पॉइंट भरत असतील तर ३ वर्षांत आणि ८० भरत असतील तर १ वर्षात अर्ज करता येतो, आणि आयटीवाल्यांपैकी बऱ्याच जणांचे भरतात पण कोणी मोजूनच बघत नाही. पीआर नसताना लोन देणाऱ्या बँका आहेत, त्या डाउन पेमेंट जास्त मागतात. 'फ्लॅट ३५' हे पूर्ण मुदतीला एकच व्याजदर असणारं लोन मात्र पीआरशिवाय मिळतच नाही. माझं मत विचाराल तर पीआर हातात येईपर्यंत निवांत भाड्याने राहा. अजून एक, लोनबरोबर दानशिन नावाचा विमा येतो, कर्ज घेणारा गेला तर उरलेलं कर्ज विम्यातून फिटतं, त्यामुळे फॉर्मवर तब्येतीची चौकशी असते आणि शुगर-बीपीच्या गोळ्या चालू असतील तर गाडी तिथेही अडू शकते.

आता घर बघणं. सगळे किचन बघतात, ऊन किती येतं बघतात, स्टेशन किती मिनिटांवर ते बघतात (जाहिरातीतलं १ मिनिट म्हणजे ८० मीटर असा इथला नियमच आहे, सिग्नलला थांबायचा वेळ त्यात धरत नाहीत, लहान मुलं आणि पिशव्या तर नाहीच नाही). बिल्डिंगचे कागद मात्र एजंटने हातात दिले तरी कोणी उघडत नाही. मला विचाराल तर खरी खरेदी त्या कागदांची असते.

सगळ्यात आधी १९८१. त्या वर्षी १ जूनपासून भूकंपाचे नवे कडक नियम लागू झाले. पण त्यात बिल्डिंग कधी पूर्ण झाली हे बघायचं नसतं, बांधकामाची मंजुरी कधीची ते बघायचं, म्हणजे १९८२ साली बांधून झालेली बिल्डिंगसुद्धा जुन्या नियमांची असू शकते. जाहिरातीत फक्त पूर्ण झाल्याची तारीख असते, मंजुरीची तारीख मागून घ्या.

मग पैसे. लोन फिटलं तरी दर महिन्याला दोन रकमा भरायच्याच असतात, एक कानरिही म्हणजे मेंटेनन्स आणि दुसरी शूझेन त्सुमितातेकिन म्हणजे मोठ्या दुरुस्तीचा फंड. दर १२ ते १५ वर्षांनी अख्ख्या बिल्डिंगला परांची बांधून काम निघतं, टाइल्स, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, रंग सगळं, आणि तो खर्च या फंडातून होतो. गंमत अशी की नव्या बिल्डिंगमध्ये हा हप्ता बहुतेक वेळा सुरुवातीला मुद्दाम कमी ठेवलेला असतो म्हणजे महिन्याचा खर्च बघून गिऱ्हाईक घाबरत नाही, आणि मग ठरलेल्या टप्प्यांनी तो वाढत जातो, दुप्पट तिप्पटसुद्धा होतो. त्यामुळे वीस वर्षं जुन्या बिल्डिंगमध्ये फंडाचा हप्ता अगदी थोडा दिसला तर खूश होऊ नका, तिथे पुढे एकदम मोठी रक्कम मागतात किंवा सोसायटी कर्ज काढते. एजंटला सांगून दीर्घ मुदतीचा दुरुस्तीचा प्लॅन आणि बिल्डिंग सांभाळणाऱ्या कंपनीचा अहवाल मागवा, फंडात शिल्लक किती, थकबाकीदार किती, कर्ज आहे का, सगळं कळतं. खाली मशीनचं पार्किंग असेल तर आणखी बारकाईने बघा, ते यंत्र पैसे खातं आणि गाड्या ठेवणारे कमी झाले की उत्पन्नही आटतं.

पुराच्या पाण्याचंही तेच, कोणी बघत नाही. आपली माणसं निशी-कासाईला जास्त, आणि तो भाग ज्या एदोगावा वॉर्डात येतो तिथली जवळपास ७० टक्के जमीन भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. २०१९ साली वॉर्डाने स्वतःच पुराचा नकाशा काढला आणि कव्हरवर छापलं की इथे थांबू नका, बाहेर पडा! सरकारी माणसं इतकं स्पष्ट बोलताना मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाहीत. म्हणून तिकडे घेऊच नका असं मी म्हणत नाही, वरचा मजला घेतला की झालं असं मात्र समजू नका. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या वादळात टोकियोशेजारच्या कावासाकीत, मुसाशी-कोसुगीतल्या एका टॉवरच्या तळघरातली इलेक्ट्रिक रूम बुडाली आणि वरच्या घरांची वीज, लिफ्ट, पाणी सगळं बंद. तेव्हा इलेक्ट्रिक रूम कुठे आहे हे विचारा, एजंट जरा चमकतो पण सांगतो.

करार त्या मानाने सोपा. करार करायच्या आधी लायसन्स असलेला माणूस समोर बसून घराची सगळी महत्त्वाची माहिती वाचून दाखवतो, तासभर तरी, आणि पुराच्या नकाशावर आपलं घर कुठे येतं हे सांगणं २०२० पासून त्यात सक्तीचं आहे. हे सगळं जपानीत चालतं. कागद आदल्या आठवड्यातच मागून घ्या आणि भाषा पक्की असणाऱ्या कोणाला तरी सोबत न्या. तेत्सुके म्हणजे बयाणा साधारण ५ ते १० टक्के, आपण माघार घेतली तर तो गेला, विकणाऱ्याने घेतली तर त्याने दुप्पट द्यायचा. लोन नाकारलं गेलं तर करार रद्द आणि बयाणा परत असं कलम आहे ना, हे सहीच्या आधी बोट ठेवून बघा. एजंटचं कमिशन जास्तीत जास्त ३ टक्के अधिक ६० हजार येन आणि वर टॅक्स, बरेच जण थेट तेवढंच लावतात.

आणि हो, बाल्कनी आत घ्यायचे बेत करू नका, ती कॉमन एरियात धरतात आणि शेजारच्या बाल्कनीच्या मधलं पार्टिशन आगीच्या वेळी फोडून पळायचं असतं, त्याच्यासमोर कुंडीसुद्धा ठेवायची नाही.

आमच्या बिल्डिंगमध्ये कमिटीवर पाळीपाळीने नंबर लागतो, परदेशी म्हणून सूट नाही. सध्या माझी पाळी आहे. मीटिंगला फोनवर कांजी, म्हणजे जपानीतली चिनी अक्षरं, शोधत बसते, लिफ्टच्या कराराची कोटेशनं निम्मी कळतात. फंडाचा हप्ता वाढवायचा ठराव आलाय, शेजारच्या आजोबांना तो अजिबात मान्य नाही, मी मात्र 'हो'ला मत देणार आहे.