चहा तर स्वस्त झाला होता

बोस्टनमध्ये मी पर्यटकांना जुन्या शहरातून पायी फिरवते. बहुतेकांना ‘बोस्टन टी पार्टी’ची, म्हणजे इथल्या ब्रिटिश वसाहतीतल्या लोकांनी १७७३ला चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्याची गोष्ट हवी असते आणि एक फोटो. त्या दिवशी मुलांकडे आलेल्या मराठी आईवडिलांचा गट होता, त्यात मुंबई कस्टममधून निवृत्त झालेले एक काका.

ओल्ड साउथ सभागृहात माझी टेप सुरू झाली, ‘चहावर कर लादला, लोक चिडले...’ काकांनी तिथेच अडवलं. “ताई, कर तर १७६७चा म्हणता. मग भडका १७७३ला का?”

मला असे प्रश्न आवडतात. म्हटलं, काका, १७७३च्या कायद्याने चहा उलट स्वस्त झाला, चोरट्या डच चहाशी टक्कर देण्याइतका. पण विक्री ईस्ट इंडिया कंपनीच्या ठरावीक अडत्यांकडे. बोस्टनच्या अडत्यांत गव्हर्नर हचिन्सनची दोन मुलं! आणि पौंडामागे तीन पेन्स कर कायम. त्याच पैशातून गव्हर्नरचा पगार निघू लागला होता. पूर्वी तो वसाहतीची विधानसभा मंजूर करायची.

“म्हणजे साहेब आता यांना कशाला विचारतोय!” काका.

मग मुदतीचं सांगितलं. चहाचं पहिलं जहाज ‘डार्टमथ’ बंदरात आलं २८ नोव्हेंबरला. वीस दिवसांत कर भरला नाही तर कस्टम माल जप्त करणार. लोकांना जहाज आल्या पावली परत धाडायचं होतं. पण कर भरल्याशिवाय कस्टम सोडेना आणि गव्हर्नर परवाना देईना. १६ डिसेंबरला जहाजाचा तरुण मालक फ्रान्सिस रॉच मिल्टनला गव्हर्नरच्या घरी जाऊन हात हलवत परतला, तेव्हा याच सभागृहात हजारो लोक ताटकळत होते. त्या रात्री तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या फुटल्या. ओहोटी होती, चहाचे ढीग पाण्याबाहेर डोकावत होते म्हणतात. (आसामचा नव्हे हो, सगळा चिनी. हे दर गटात सांगावं लागतं.)

“आणि शिक्षा?”

१ जून १७७४ पासून अख्खं बंदर बंद. काका हळहळले, “हमाल, खलाशी, सगळ्यांचीच रोजी गेली की. ज्यांनी पेटीला हात लावला नाही त्यांचीसुद्धा!” तिथेच लंडनचं गणित फसलं. इतर वसाहतींनी बोस्टनला धान्य धाडलं, सप्टेंबरात बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात जमले. पुढच्या एप्रिलात बोस्टनजवळ लेक्सिंग्टनला ब्रिटिश फौजेशी गोळीबार, १७७६च्या जुलैत स्वातंत्र्याचा जाहीरनामा.

निघताना काकांचा प्रश्न अस्सल खात्यातला. “कंपनीचं नुकसान किती?”

“९,६५९ पौंड.”

“वसूल झाले?”

नाही झाले.