स्प्ले, ट्विस्ट, बेंड: द्रवस्फटिकाचं मॉडेल जमवताना

जे वाहतं त्याला लवचिकता कसली, हा प्रश्न मला घरीही विचारला गेला. नेमॅटिक द्रवस्फटिकात रेणूंच्या जागा मोकळ्या असतात, पण सगळ्यांना एकाच दिशेला समांतर राहायचं असतं. ती दिशा जागोजागी बदलायची तर ऊर्जा मोजावी लागते. १९५८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक यांनी ही ऊर्जा स्प्ले (पंख्यासारखं फाकणं), ट्विस्ट (पिळणं) आणि बेंड (वाकणं) अशा तीन विकृतींत मांडली; प्रत्येकीला स्वतंत्र स्थिरांक, के१, के२, के३. पीएचडीत माझ्या वाट्याला आलं ते ५सीबी नावाचं नेमॅटिक. त्याचे स्थिरांक खोलीच्या तापमानाला जेमतेम काही पिकोन्यूटन, आणि के३ सर्वांत मोठा.

सुरुवातीला तिन्ही समान धरले. सगळेच धरतात, कारण समीकरण सुटसुटीत होतं. दोन काचांमधला पातळ थर, काचांना समांतर रेणू, आडवं व्होल्टेज नव्हे, काचेला लंब. ज्या व्होल्टेजला रेणू वळायला लागतात तो, म्हणजे फ्रेडरिक्झ संक्रमणाचा, उंबरठा पाऊण व्होल्टच्या आसपास आला, प्रयोगाशी जुळणारा. गाईडना मात्र आनंद झाला नाही. "उंबरठ्यात फक्त के१ येतो," ते म्हणाले, "बाकीचे काहीही घाल, तो तिथेच राहणार." थराची जाडीही त्यात येत नाही! खरी परीक्षा उंबरठ्याच्या पुढे. तिथे रेणूंची दिशा वाकू लागते, के३ जागा होतो आणि व्होल्टेजबरोबर वाढणाऱ्या कपॅसिटन्सची (थराच्या विद्युतधारितेची) चढण सौम्य होते. माझा आलेख भलताच उभा चढत होता.

के३ वेगळा घातल्यावर आलेख जागेवर आला. पण त्याआधी सॉल्व्हरने, म्हणजे समीकरण सोडवणाऱ्या प्रोग्रॅमने, छळलं. अगदी सपाट दिशा हे उंबरठ्यापलीकडेही समीकरणाचं उत्तर असतंच, फक्त अस्थिर. त्यामुळे सुरुवातीला किंचित कल द्यावा लागतो. शिवाय उंबरठ्याजवळ सगळं इतकं मंद होतं की गणित संपलंय की रेंगाळलंय हे कळत नाही. तिथे घाई केली की चुकीचा उंबरठा हाती येतो.

पुढे अर्ध्या मूल्याचे दोष हवे होते, म्हणजे ज्या बिंदूभोवती फिरताना रेणूंची दिशा अर्धाच फेरा घेते ते. रेणूंच्या दिशेला पुढचं-मागचं टोक नसतं, म्हणून दिशा दाखवणारा साधा बाण तिथे फसतो आणि दोन्ही टोकं सारखीच मानणारा क्यू-टेन्सर लागतो. मात्र त्याच्या ऊर्जेत दुसऱ्या घाताची नेहमीची दोन पदं घेतली तर के१ आणि के३ पुन्हा समान! ते सोडवायला तिसऱ्या घाताचं पद घातलं, तर ऊर्जेला खालची मर्यादाच उरत नाही. म्हणून सध्या थरासाठी फ्रँक, दोषांसाठी दोन पदांचा क्यू-टेन्सर, अशी विभागणी मी ठेवली आहे. गाईडना ती फारशी पसंत नाही.