पांझरेकाठचा मळा आणि त्याचे कागद

आईच्या आजोळचा मळा साक्रीच्या पुढे, पांझरेच्या काठाला. तिथलं धाब्याचं घर दीडशे वर्षांचं आहे असं घरात सगळे छातीठोक सांगतात. कशावरून, ते कोणी सांगत नाही. या हिवाळ्यात जाऊन छडा लावला. कोणाला आपलं मूळ घर शोधायचं असेल, त्याच्यासाठी हे लिहितोय.

धुळ्याहून साक्री सुरत हायवेने पन्नासेक किलोमीटर. पिंपळनेरच्या एसट्या मिळतात, पण मळ्यापर्यंत मोटरसायकलच बरी.

घर बघताना आधी मान वर करा. सागवानी तुळया, त्यावर कड्या, मग किलचन म्हणजे पातळ लाकडी पट्ट्या, निंबाचा पाला आणि वर खारी मातीचा थर. दर पावसाळ्याआधी नवी खारी पडायची, म्हणून पन्हाळीजवळच्या ढासळलेल्या कडेला थरावर थर चढलेले दिसतात. मधल्या तुळईला मात्र दोन रिकाम्या खाचा होत्या, त्यांत आता काहीच बसत नाही. म्हणजे लाकूड आधी दुसऱ्याच कुठल्या घरात होतं. लाकडाच्या वयावरून घराचं वय काढायला जाल तर फसाल.

खरी गोष्ट कागदांत सापडते, आणि तिथे पणजोबांच्या नावाने शोधू नका. नावं बदलतात, जमीन जागेवर असते. आजच्या सातबाऱ्यावरचा गट नंबर घ्या, भूमी अभिलेख कार्यालयातून जमीन एकत्रीकरणाचा ९(३), ९(४)चा उतारा काढा, त्यावरून जुना सर्व्हे नंबर कळतो. मग एकेक फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, बघत मागे मागे जायचं. धुळे जिल्ह्याचे बरेच जुने कागद 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या दिसतात. आधी तिथे बघा, नाहीतर तहसीलला उगीच हेलपाटे. हक्कनोंदणीचा कायदा १९०३चा, त्यामुळे त्याआधीचे फेरफार शोधत बसू नका. कागदावर १९०६नंतर 'पश्चिम खानदेश' दिसेल, त्याआधी नुसतंच 'खानदेश', आणि खूप जुन्या कागदात तालुका साक्री नसून पिंपळनेर. नव्या माणसाची गाडी इथेच अडते.

आमचे सर्व्हे नंबर शिवारभर विखुरलेले निघाले. मला वाटलं, भाऊबंदकीत तुकडे पडले असतील. पण हा फडाचा मुलूख. नदीवर बंधारा, त्याच्या पाटावर तीन-चार फड, एका फडात सगळ्यांचं पीक एकच, आणि दरवर्षी फड बदलायचा. म्हणून शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असायची. १८८०च्या खानदेश गॅझेटियरात इथल्या बंधाऱ्यांविषयी आहे, जाण्याआधी चाळून घ्या.

घरच्यांनी कधीच न सांगितलेली गोष्ट फेरफारात होती. निम्मी जमीन कूळ कसत होतं आणि कुळकायद्यात ती त्याचीच झाली. १ एप्रिल १९५७ ही तारीख लक्षात ठेवा, कृषक दिन; त्या दिवसापासून कसणारं कूळ मालक धरलं गेलं. त्यानंतरच्या नोंदी अशा ठिकाणी बारकाईने वाचाव्यात. वाड्याचा रुबाब सगळ्यांच्या लक्षात राहतो, कूळ आणि गहाण तेवढं विसरतात. मी त्या कुळाच्या नातवाकडे गेलो. "आठे बठा भाऊ," म्हणजे इथे बसा, म्हणत त्यांनी ओट्यावर जागा केली, मग बुजलेला पाट, पेवाचं म्हणजे जमिनीखालच्या धान्यकोठाराचं तोंड, मोटेचे बैल चालायचे ती धाव, सगळं दाखवलं. आमच्या घरात हे कोणालाच दाखवता आलं नसतं. तेव्हा फक्त भाऊबंदांकडे चौकशी करून परतू नका.

म्हाताऱ्या बायकांना भेटायचं तर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला जा. माहेरवाशिणी आलेल्या असतात, आणि कोणत्या साली कोणती खोली वाढवली हे त्यांनाच ठाऊक असतं. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवरच्या गड्याचं, सालही तेव्हाच ठरायचं, त्यामुळे जुन्या सालदारांच्या गोष्टीही निघतात. ऊन मात्र जाळून काढतं. दुपारी धाब्याखाली बसा, शिवार सकाळीच फिरा.

घरात मोडीचं बाड असेल तर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जाणकारांची चौकशी करा. सगळं वाचून घेण्याआधी फोटो दाखवून कोणता कागद कामाचा तेवढं विचारा; आमच्या बाडात निम्म्या शेतसाऱ्याच्या पावत्याच निघाल्या.