अर्धी पांढरी गाडी

"रात्री गाडी पुरती झाडाखाली घ्या," मुक्कामाच्या घरचे काका म्हणाले होते. मी 'बरं' म्हणून अर्धीच घेतली. जानेवारीतलं महाबळेश्वर, वेण्णा तलाव हाकेच्या अंतरावर, दात वाजत होते. गाडी पुढे-मागे करत कोण बसणार?

सकाळी पाहतो तर बॉनेट आणि पुढचा टप पांढरा, जांभळाच्या झाडाखालचा मागचा भाग काळाच्या काळा. दोन्हींमधली रेघही फांद्यांच्या आकाराने वेडीवाकडी. टपावर नख ओढलं. कर्रकन आवाज झाला आणि फ्रीजरच्या भिंतीवर साठतो तसला भुगा नखात आला. समोरची काच शेवटी एटीएम कार्डाने खरवडली.

मोबाईल म्हणत होता, पाच अंश. पाच अंशाला बर्फ? पण ते तापमान हवेचं. हवामानखात्याचा तापमापकसुद्धा जमिनीपासून सव्वा मीटर उंच, पेटीत बसलेला असतो. गाडीचा टप मात्र उघड्यावर, रात्रभर आपली ऊब आभाळाला देत पडलेला. ढग असते तर त्यांनी थोडी परत केली असती, मागच्या भागाला जांभळाने केली तशी. गोधडीच ती. वारा असता तर भोवतालच्या हवेतली ऊब तरी लागली असती. दोन्ही नसलं की टप हवेपेक्षा पाच-सहा अंशांनी सहज गार पडतो. त्यात थंड हवा जड, ती उतारावरून ओघळून तलावाच्या खोलगटात साचते. म्हणून वर बाजारपेठेत काही नाही आणि खाली लिंगमळ्याकडे गवत पांढरं.

बातमीत दरवर्षी 'दवबिंदू गोठले' असं असतं. गोठलेलं दव टणक, काचेच्या मण्यासारखं दिसतं. माझ्या टपावर होती ती पिसासारखी नक्षी: हवेतली वाफ पाणी न होताच थेट बर्फ झालेली. आणि आपण म्हणतो दव 'पडलं', हिम 'पडलं'. वरून काही पडतच नाही! गेली ती ऊब, खालून वर.

या उघड्या आभाळावर पूर्वी लोकांनी चक्क बर्फाचा धंदा केला. अलाहाबादेत उथळ खड्ड्यांत उसाचं पाचट अंथरायचं, त्यावर मातीच्या पसरट थाळ्या मांडायच्या, त्यांत उकळून निवलेलं पाणी ओतायचं आणि उजाडण्याआधी बर्फ गोळा करायचा. रॉबर्ट बार्कर यांचा 1775 सालचा वृत्तांतच आहे. जमिनीची ऊब पाचटाने अडवायची, बाकीचं आभाळ करतं. वेण्णाच्या लाकडी धक्क्यावरही हिम लवकर धरतं ते याचमुळे. फळ्यांना खालून जमीन नाही.

काका तोवर स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांत वाकून एकेक पान उलटून बघत होते. कोवळी पानं काळवंडतात का, ते दुपारपर्यंत कळणार होतं. निफाडकडे तर अशा रात्री द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. मी गाडीच्या टपाचा फोटो काढत होतो, तो मोबाईल खिशात टाकला.

"सांगितलं होतं ना," काका एवढंच म्हणाले.

ऊन आल्यावर गाडी काढली. झाडापुढे सगळीकडे पांढरं गवत आणि त्यात, गाडीचा पुढचा भाग उभा होता तिथे, हिरवागार कोरडा चौकोन. हॉर्न ऐकून तिथून आळोखेपिळोखे देत बाहेर आलेलं काकांचं कुत्रं परत त्याच चौकोनात जाऊन बसलं, आणि दोनदा वर बघून उठून पडवीत गेलं.